भेलेल्या माणसांचा इतिहास

पहिल्या तासाला मेहरे मॅडम पोरांची नावं विचारत नसत. हजेरी नंतर, आधी प्रश्न. "मागच्या खेपी तुमच्या घरी कोनी बिमार पडलं, तवा घरच्यायनं काय काय केलं? डॉक्टर सोडून सांगा."

वर्गात आधी हशा पिके. मग एखादी मुलगी भीत भीत सांगे की आजीनं मीठ-मोहरी उतरवली. कोणी दर्ग्यातून ताईत आणलेला असे, कोणाच्या दाराला बिब्बा बांधलेला असे, कोणाच्या आईनं देवीला खण-नारळ कबूल केलेला असे. मॅडम एकाखाली एक लिहीत जात. फळा भरला की हात झटकत आणि म्हणत, "हे मध्ययुग. आता पुस्तकं काढा."

मागच्या बाकावरचं कोणी हसत असलं की त्याच्याकडे बघून त्या पुढे सांगत, "हासू नको रे. भेलेल्या मानसाले हासू नये. ते लोक आपल्याहून येडे नव्हते. त्यायच्याजवळ सलाइन नव्हती, एवढंच."

भेलेला म्हणजे घाबरलेला. पुण्याहून आमच्या कॉलेजात आलेल्या एका सरांनी एकदा स्टाफरूममध्ये सुचवलं की वर्गात तरी प्रमाण भाषा वापरावी. मॅडम डबा उघडत होत्या. म्हणाल्या, "सर, घाबरलेला म्हनलं तर पोट्टे लिहून घेतात. भेलेला म्हनलं तर त्यायले समजते." आणि सरांच्या ताटलीत ठेचा वाढला.

विमल मेहरे अकोल्याच्या आमच्या कॉलेजात इतिहास शिकवत, मी मराठी. दोघी अमरावतीच्या, त्यामुळे सकाळी बडनेऱ्याहून एकाच गाडीनं जाणं आणि संध्याकाळी एकाच गाडीनं येणं. मॅडम बुटक्या, जाड भिंगांच्या, सुती साडीच्या पदराला मोठी सेफ्टी पिन लावणाऱ्या. माहेर वलगावचं, माळ्याघरचं. भावाच्या वावरातला भाजीपाला त्यांच्या पिशवीत पुस्तकांच्या वर बसून यायचा, आणि मूर्तिजापूर येईपर्यंत डब्यातल्या बायकांत वाटून संपायचा. मेथी निवडता निवडता त्या दुष्काळ सांगायच्या. पाचशे वर्षांपूर्वीच्या उपाशी माणसांबद्दल त्या अशा बोलत, की कालच त्यांच्या दारावरून जाऊन आल्या असाव्यात. राजेरजवाडे त्यांना आवडत नसत. "राजे तुमचे तुमी वाचा, त्यायचं लिहिनारे लय हायेत," असं त्या परीक्षेच्या तोंडावरसुद्धा पोरांना सांगत. पोरांचे दोन-चार मार्क त्यापायी जात असतील, पण त्यांचा तास कोणी बुडवत नसे.

हिवाळ्यात त्या वर्गाला नरनाळ्याच्या किल्ल्यावर न्यायच्या. एका वर्षी मीही गेले. तिथल्या महाकाली दरवाजावर दगडात अरबी अक्षरं कोरलेली आहेत आणि नाव देवीचं. त्या दरवाजापाशी मॅडमनी पोरांना बसवलं आणि डबे उघडायला लावले. खाता खाता एका पोरानं विचारलं, "मॅडम, इथल्या लढाईत आपले जिंकले का ते?"

"आपले म्हनजे कोन?"

पोरगा शेजारच्याकडे पाहू लागला.

"गाव कोनतं तुहं?"

"अकोट."

"मंग तुह्या गावचे पोट्टे दोन्हीकडून असतील. इकडच्या फौजेत मराठे, तिकडच्या फौजेत मराठे. इकडं पठान, तिकडं पठान. जो पगार देईन त्याची चाकरी. पोट सर्वायलेच होतं." मग खालच्या तळ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "अन् वेढा पडला का तलवारीनं थोडे मरत. जास्त मरत ते पान्यानं. हगवन लागून. ते कोनी पोवाड्यात गात नाही."

पोरं हसली. तिथं हसलेलं मॅडमना चाललं.

त्यांचा जीव खरा अडकला होता तो मरीमायच्या गाड्यात. पूर्वी महामारी आली की गावं हा गाडा काढत. लहानसा लाकडी गाडा, त्यात देवी, हिरवं पातळ, बांगड्या, नारळ, निंबाचा पाला. वाजतगाजत तो शिवेबाहेर नेऊन सोडायचा, म्हणजे त्याच्याबरोबर रोगही गेला. मॅडमचा प्रश्न साधा होता. शिवेबाहेर म्हणजे कुठं? तर पुढच्या गावात. आणि पुढचं गाव तो आणखी पुढं ढकलणार. "असा तो वऱ्हाडभर फिरे," त्या म्हणत, "अन् ढकलनारे सर्वे आपल्यासारखेच. घरी लेकरंबाळं असलेले."

बार्शीटाकळीच्या पुढं, सडक सोडून आत, एक गाव त्यांना सापडलं होतं. तिथं शिवेवरच्या निंबाखाली मरीमायचा शेंदराचा दगड आहे आणि हातभर अंतरावर एका फकिराची कबर. गावातले म्हातारे सांगत की फार पूर्वी असाच गाडा शेजारच्या गावानं इथं आणून सोडला. लोक तो पुढं ढकलायला निघाले, तर त्या फकिरानं अडवलं. गाडा इथंच राहू द्या म्हणाला, बिमार असतील त्यांना माझ्याकडे आणा, मी पाणी पाजतो. लोकांनी बिमारांना आणलं. काही वाचले, काही गेले, शेवटी तोही गेला, आणि त्याला मायजवळच पुरलं.

"हे खरं आहे का, मॅडम?" मी विचारलं होतं.

"कागद कुठंच सापडत नाही. खरं असन का नाही, मले सांगता येत नाही. पन एवढे दिवस लोकायले ते खरं वाटलं, हे खरं हाय."

कबरीची आणि मायची दोन्हींची देखभाल रहेमानचाचा करत. वाकलेले, पांढऱ्या दाढीचे. संध्याकाळी एका काडीनं दोन्हीकडचे दिवे लावत. मॅडमना ते बेटी म्हणत. मॅडम उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथं जाऊन म्हाताऱ्या-कोताऱ्यांशी बोलत बसायच्या, आणि त्यांची एकुलती एक लेक मयुरी मोबाईलवर ते बोलणं रेकॉर्ड करायची. मयुरी तेव्हा बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होती. आईसारखीच बुटकी, आईसारखीच मोठ्या आवाजाची. "मम्मीले माह्यापेक्षा मेलेल्या लोकायची काळजी जास्त हाय," असं मला ऐकवायची.

एका खेपेला चाचांनी मॅडमना एक मोडका गाडा दिला. गावानं नवा केला होता, जुना निंबाखाली सडत पडला होता. "ले जाओ बेटी, कॉलेज के बच्चों को दिखाना." मयुरीनं तो बसमध्ये मांडीवर घेऊन अमरावतीला आणला. कॉलेजात एकदा दाखवून झाल्यावर घरी ठेवायला जागा नव्हती, म्हणून तो मयुरीच्या खोलीत पुस्तकांच्या रॅकवर बसला. तिनं त्याच्या चाकाच्या आऱ्यांना आपली कानातली अडकवून ठेवली होती. मी पाहिली आहेत, लाल-निळी, लोंबती.

त्या वर्षी पोळ्यानंतर अमरावतीत डेंग्यूची साथ होती. प्रत्येक गल्लीत दोन-चार घरी ताप. मयुरीलाही आला. आधी साधाच वाटला. मग प्लेटलेट उतरू लागल्या आणि तिला आयसीयूत हलवलं.

मी दवाखान्यात गेले तेव्हा बाहेरच्या बाकावर मॅडम बसल्या होत्या. शेजारी त्यांचे मिस्टर. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, मुळातच कमी बोलणारे. वलगावहून मॅडमची आई आली होती. म्हातारीनं कनवटीतून एक काळा दोरा काढला. कोण्या भगतानं मंतरून दिलेला. तिनं तो लेकीपुढं धरला, पण बोलायची तिची हिंमत होईना. लेक शिकलेली, नाही म्हणेल, हे तिला माहीत होतं.

मॅडमनी दोरा घेतला. आत गेल्या आणि मयुरीच्या मनगटाला स्वतः बांधून आल्या. मी त्यांच्याकडे पाहत होते. माझ्याशेजारी बसत त्या म्हणाल्या, "लिही, वंदना. फळ्यावर लिही."

दुपारी रहेमानचाचा आले. बार्शीटाकळीहून दोन बसा बदलून, हातात प्लास्टिकच्या बाटलीत फकिराच्या कबरीपाशी भरलेलं पाणी. त्यांना वर सोडेनात. मॅडम खाली गेल्या, बाटली घेतली. चाचांनी विचारलं, "पी सकती है?" मॅडमनी नाही म्हणून मान हलवली. मग ते म्हणाले, "माथे को लगा दो. बस." मॅडमनी तेही केलं. डॉक्टरांनी सांगितलेलं रक्त आणलं, प्लेटलेटच्या पिशव्या आणल्या, दोरा बांधला, पाणी लावलं. माणसाला जे जे करता येतं ते सगळं त्या घरानं केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मयुरी गेली.

तेरवीला आलेली नणंद मयुरीच्या खोलीत काही घ्यायला गेली आणि रॅकसमोर थबकली. "हे काय व, वहिनी?"

मॅडमनी सांगितलं. खोटं बोलण्याची त्यांना सवयच नव्हती.

त्या दिवसापासून लोकांचं बोलणं सुरू झालं. शिवेबाहेर टाकलेला गाडा हिनं घरात आणला, पोरीच्या उशाशी ठेवला, पोरीच्या हातून आणवला. दवाखान्यातले रिपोर्ट सगळ्यांनी पाहिले होते. गल्लीतली आणखीही पोरं तापानं पडली होती. तरीही गोष्ट गाड्याचीच झाली. हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. शेजारची सून पोटुशी होती, ती मॅडमच्या घरापुढून न जाता मागच्या बोळीनं जाऊ लागली. आणि मिस्टरांनी, ज्यांनी लग्नानंतर कधी आवाज चढवला नव्हता, एकदा जेवता जेवता विचारलं, "तू ते काहून आनलं?" तेवढंच. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही, आणि दुसराही कोणता काढला नाही.

महिन्याभरानं मॅडम कॉलेजात रुजू झाल्या. गाडीत आता त्या खिडकीकडे तोंड करून बसत. पिशवीत भाजी नसे. डब्यातल्या बायका कशाला घेतील, असं त्यांना वाटत असावं, आणि ते अगदीच चूक नव्हतं. एकदा बोरगाव मंजूच्या पुढं त्या एकदम बोलल्या, "मले माहीत हाय, डास होता. मीच दरवर्षी पोरायकडून पोस्टर करून घेत होती, कूलरातलं पानी फेका म्हनून. मले समजते सारं."

त्यांनी पदराची पिन उघडली, पुन्हा लावली.

"पन दुपारी घरी एकटी असली का मन म्हनते, तू ते आनलं नसतं तं?"

"मॅडम, तुम्हीच असं म्हणता?"

"मीच म्हनते. आतापर्यंत बाहेरून पाहत होती. आता आतून पाहून राहिली." मग, मला नाही, खिडकीला सांगितल्यासारखं, "लय वंगाळ असते व आतून."

त्याच हिवाळ्यात त्यांनी गाडा परत करायचं ठरवलं. "चल माह्यासंगं," म्हणाल्या. गाडा मयुरीच्या ओढणीत गुंडाळला होता. कानातली आधीच काढून ठेवली असावीत. बार्शीटाकळीपर्यंत बस, पुढं ऑटो. गावाच्या शिवेवर उतरलो आणि मॅडम जागीच उभ्या राहिल्या.

निंबाखाली तारेचं कुंपण आलं होतं. माय अलीकडे, कबर पलीकडे. दोन्हीकडे नवे बोर्ड, दोन्हीकडे नवे झेंडे. कबरीच्या बाजूला बाज टाकून रहेमानचाचा बसले होते. आम्हाला पाहून उठले, तारेला हात धरून उभे राहिले.

"ये कब हुआ, चाचा?"

"अकोले में गडबड हुई थी ना, उसके बाद." त्यांनी मायच्या दगडाकडे पाहिलं. "अब उधर का दिया मैं नहीं लगाता. बच्चे लोग बोले, मत लगाओ. दोनों तरफ के बच्चे बोले, बेटी. मेरे अपने पोते भी बोले."

"मंग इकडचा कोन लावते?"

दगडापुढची पणती कोरडी होती.

मॅडमनी ओढणी सोडली. गाडा पाहून चाचांना सगळं समजलं. लोकांमधली बोलणी त्यांच्यापर्यंतही आली असावीत. ते तिथंच खाली मातीत बसले. "मैंने दिया था," ते म्हणाले. "मेरे हाथ से गया था. तेरी बच्ची ने गोद में लिया था, मैं देख रहा था."

मॅडमही अलीकडे मातीत बसल्या. तारेतून हात घालून त्यांनी चाचांचा हात धरला. "नाही चाचा. मच्छर था. डेंग्यू का मच्छर. डॉक्टर ने कागज पर लिखके दिया है. गाडे का कुछ नहीं. तुम्हारा कुछ नहीं." वर्गात फळ्यापुढं बोलत तशा ठाम, स्पष्ट आवाजात. त्यांना स्वतःला जे पटवता येत नव्हतं, ते त्यांनी त्या म्हाताऱ्याला शब्द न शब्द पटवून दिलं. तो ओक्साबोक्शी रडला. मॅडम रडल्या नाहीत.

मग चाचा म्हणाले, "ला, मैं रख लेता हूँ. मेरे घर में रख लेता हूँ." त्यांचं घर समोरच होतं. दारात त्यांची नातसून उभी होती, कडेवर मूल. तिनं मुलाला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि एक पाऊल आत सरकली.

मॅडमनी ते पाहिलं. गाडा पुन्हा ओढणीत बांधला.

"इथंच शिवेवर ठेवून देऊ या," मी म्हटलं. "मायजवळ."

"अन् सकाळी कोनी पाह्यला तं? ते पुढच्या गावात नेऊन टाकतीन." त्या उठल्या, साडीची माती झटकली. "नाही. चाल."

परतीच्या बसमध्ये गाडा त्यांच्या मांडीवर होता.

मिस्टर आठ-पंधरा दिवसांत यवतमाळला भावाकडे राहायला गेले. भांडण झालं नाही. मॅडमनीच त्यांची बॅग भरून दिली, गोळ्या कोणत्या कधी ते चिठ्ठीवर लिहून दिलं. वर्ष संपताना त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. निरोपाच्या दिवशी प्राचार्यांनी चांगलं भाषण केलं, शाल दिली. मॅडम बोलायला उठल्या, एवढंच म्हणाल्या, "पोरायले चांगलं शिकवा," आणि बसल्या.

घर विकून त्या वलगावला गेल्या. भावानं आनंदानं नेलं, पण राहायला घरात नाही, वावरातली पाण्याच्या मोटारीजवळची खोली दिली. घरात नातवंडं होती. मॅडमनीच तसं मागितलं, असं भाऊ मला म्हणाला. खरंही असेल. खोलीत खाट, स्टोव्ह, पुस्तकांची दोन कपाटं, आणि कपाटावर तो गाडा. सोबतीला तोच होता.

त्यानंतर मॅडम फार जगल्या नाहीत. एका उन्हाळ्यात सकाळी भाऊ चहा घेऊन गेला तर त्या उठल्या नाहीत. मला तिसऱ्या दिवशी कळलं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याआधीच्या दसऱ्याला. वलगावच्या वावरात झेंडू फुलला होता, केशरी आणि पिवळा, बांधापासून बांधापर्यंत. मॅडम साडीवर भावाचा जुना शर्ट घालून फुलं तोडत होत्या. उन्हानं काळवंडल्या होत्या, पण हात भरभर चालत होते. मला पाहून हसल्या. "बस. चहा ठेवते." आणि चहा न ठेवता तोडत राहिल्या, मला मधूनमधून कॉलेजचं विचारत राहिल्या. कोण कुठं बदलून गेलं, नव्या पोरांना नरनाळ्याला कोणी नेतं का. कोणी नेत नाही, म्हटलं.

तेवढ्यात बांधावर एक तरुण बाई आली. कडेवर वर्षाचंही नसेल असं बाळ, कपाळाला काजळाची तीट. तिला तोरणासाठी फुलं हवी होती. ती बांधावरच थांबली, वावरात उतरली नाही. लांबूनच म्हणाली, "फुलं हायेत का, मावशी?"

मॅडमनी टोपली भरली, वरची कोमेजलेली निवडून काढली, चांगली वर घातली. मग बांधाकडे गेल्या, त्या बाईपासून चांगल्या अंतरावर टोपली खाली ठेवली आणि मागं वळून परत आल्या. चार सऱ्या आत येऊन, पाठ करून उभ्या राहिल्या. त्या बाईला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून माझ्याशीच काहीतरी बोलू लागल्या. बाई आली, फुलं पदरात ओतून घेतली, रिकामी टोपली तिथंच ठेवली आणि बाळाचं डोकं हातानं झाकून लगबगीनं निघून गेली.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "मॅडम, हे तुम्ही कसं चालवून घेता?"

त्या टोपली आणायला निघाल्या होत्या. थांबल्या, वळल्या, आणि मला काही कळत नसल्यासारखं माझ्याकडे पाहिलं.

"तिचं लेकरू लहान हाय, वंदना," त्या म्हणाल्या.